रस्त्यावरच्या माणसांची स्टाइल टिपायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली नऊ वर्षं दर रविवारी आणि मधे सुट्टी मिळेल तेव्हा मी पुण्याच्या पेठांमधे, अधूनमधून मुंबईत, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढते. म्हणजे त्यांनी काय घातलंय, कसं घातलंय आणि ते घालून ती कशी चालतात-उभी राहतात, त्याचे. बरोबर येणारी नवीन मुलं-मुली तेच तेच विचारतात, मेसेजमधेही तेच येतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

स्ट्रीट स्टाइल म्हणजे फॅशन फोटोग्राफीच ना?

नाही. फॅशनच्या फोटोत कपडा विकायचा असतो आणि माणूस तो कपडा घालायला बोलावलेला असतो. आपल्याला बघायचंय की या माणसाने स्वतःच्या डोक्याने काय ठरवलंय.

एक उदाहरण देते. मंडईच्या मागच्या बाजूला लिंबू-मिरची-कोथिंबीर घेऊन एक आजी बसतात. हिरवं सुती नऊवारी, आणि ब्लाउज चक्क पुरुषी शर्टाच्या चौकड्यांच्या कापडाचा. लांबून वाटलं असेल एखादं कापड, पण मिरच्या घ्यायला खाली वाकले तेव्हा दिसलं की ब्लाउजला पुढून शर्टाचीच बटणपट्टी आहे, काजं तशीच, चार बटणं पांढरी आणि एक तपकिरी, आणि डाव्या बाजूला, त्यांनी पदर सारून दाखवला तो, शर्टाचा खिसा जसाच्या तसा ठेवलाय, त्यात सुट्टे पैसे आणि चष्मा. मी विचारलं तर म्हणाल्या, "मालकांचे सहा शर्ट व्हते, चांगले व्हते, टाकायचे कशाला? आन् मला खिसा पायजेच व्हता." शिंप्याला समोर बसून सांगून शिवून घेतले होते सहाच्या सहा. ही स्टाइल. कुठल्याही दुकानात मिळत नाही आणि त्या बाईशिवाय दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

अस्सल स्टाइल आणि कॅमेऱ्यासाठी केलेली स्टाइल, यातला फरक ओळखायचा कसा?

झिजेवरून. खरंच सांगते, चपलेची टाच, बॅगेचा पट्टा, घड्याळाच्या पट्ट्याचं कुठलं भोक ताणलं गेलंय, शर्टाची बाही रोज तिथेच दुमडून पडलेली घडी, हे सगळं बोलतं. माणूस ती वस्तू हाताळतो कसा ते बघा, रोजची गोष्ट असेल तर हात न बघता तिथे जातो, टोपी सारखी करायला आरसा लागत नाही.

पण म्हणून नटून आलेली माणसं खोटी असं मी अजिबात मानत नाही. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जी तरुणाई जमते ती नटायलाच आलेली असते, तेच तर कारण आहे यायचं. कुणी आईची पैठणी जीन्सवर दुपट्ट्यासारखी घेतलेली असते, कुणी आजोबांचं उपरणं. नटण्यातही ठरवणं असतंच. फक्त मोठ्या फॅशन वीकच्या गेटबाहेर ब्रँडने पाठवलेले कपडे घालून दहा फोटोग्राफरसमोर तोच रस्ता तीनदा ओलांडणारी मंडळी असतात, तिथे मला काही सापडत नाही, तुम्हाला सापडत असेल तर जरूर जा.

हे सुरू कुणी केलं? आपल्याकडे कुणी करायचं का?

जगात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते न्यूयॉर्कच्या बिल कनिंगहॅम यांचं. मूळचे टोप्या बनवणारे. अंगात फ्रेंच कामगार घालतात तसलं निळं जाकीट, बुडाखाली सायकल, आणि दशकानुदशकं त्याच त्या रस्त्यांवर उभं राहून न्यूयॉर्क टाइम्ससाठी फोटो काढले. १९७८ मधे त्यांनी एका बाईचा फोटो काढला कारण तिच्या कोटाचा खांदा त्यांना विलक्षण वाटला, ती बाई ग्रेटा गार्बो आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मला हा किस्सा फार आवडतो, एवढी मोठी नटी समोर आणि माणसाचं लक्ष खांद्याच्या शिवणीवर. २०१६ मधे ते गेले.

ब्रुकलिनचे जमेल शबाझ यांचं काम तर नक्की बघा, १९८० च्या दशकातली काळी तरुण मुलं-मुली, मोठे चष्मे, कडक इस्त्रीच्या पँटी, आणि सगळे कॅमेऱ्याकडे ताठ बघतायत. ते आधी बोलायचे, स्वतःच्या फोटोंचा अल्बम बरोबर ठेवायचे आणि दाखवायचे. ती कल्पना मी उचलली, त्याबद्दल पुढे सांगते.

टोकियोत शोइची आओकी यांनी १९९७ मधे तिथल्या हाराजुकू भागातल्या पोरांचं 'फ्रूट्स' मासिक काढलं, ते २०१७ पर्यंत चाललं. हाराजुकूला आधी रविवारी रस्ता गाड्यांना बंद असायचा, लोक रस्ताभर फिरायचे, ते १९९८ मधे बंद झालं. रस्त्यावर स्टाइल दिसायला आधी चालायला रस्ता लागतो हे मला त्यावरून उमगलं. आपल्याकडेच बघा, जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद झाले तेव्हापासून तिथे माणसं रमतगमत चालायला लागली, बाकांवर बसायला लागली, आणि माझे निम्मे चांगले फोटो तिथले आहेत. जिथे लोक जीव मुठीत धरून चालतात तिथे कुणी साडीच्या निऱ्यांकडे बघत नाही.

आणि आपल्याकडे होमाई व्यारावाला. भारतातली पहिली महिला प्रेस फोटोग्राफर म्हणून सगळ्यांना माहिती, नेहरूंचे वगैरे फोटो, २०११ ला पद्मविभूषण. पण त्याआधीचं त्यांचं मुंबईतलं काम बघा, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या वर्गमैत्रिणींचे फोटो, १९३० च्या दशकाच्या शेवटाकडचे. त्या मुलींची बसायची ढब, साडी नेसायची पद्धत, कॅमेऱ्याकडे न लाजता बघणं, ऐंशी-पंचाऐंशी वर्षं झाली तरी त्या मुली आत्ता उठून बोलतील असं वाटतं. आणि सुरुवातीला हे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापले जायचे, हेही लक्षात ठेवायला हवं.

विचारून काढायचा की न विचारता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर माझं मत पक्कं आहे. स्टाइलचा फोटो असेल तर विचारून.

कँडिडवाले म्हणतात विचारलं की सगळं नैसर्गिकपण जातं. रस्त्यावरचं आयुष्य, गर्दी, सावल्या, हे टिपायचं असेल तर त्यांचं बरोबर आहे, तिथे माणूस दृश्याचा भाग असतो. पण एका माणसाचे कपडे, त्याची निवड, त्याचं शरीर, हाच जर फोटोचा विषय असेल तर तो त्या माणसाचा आहे, त्याला माहीत असायला पाहिजे. आणि दुसरं म्हणजे विचारल्याशिवाय तुम्हाला कळतच नाही तुम्ही काय बघताय. आजींचा ब्लाउज मी लांबून झूम लावून काढला असता तर माझ्याकडे फक्त 'चौकड्यांचा ब्लाउज' आला असता, शर्टांची गोष्ट आली नसती, खिसाही आला नसता कारण तो पदराखाली होता, त्यांनी स्वतः पदर बाजूला करून दाखवला.

सुरुवातीच्या वर्षी मी एफसी (फर्ग्युसन कॉलेज) रोडवर एका मुलीचा पाठमोरा फोटो काढला, न विचारता. पाठीवर हाताने भरतकाम केलेलं डेनिम जाकीट होतं, मोर होता, मला वाटलं चेहरा नाहीये तर काय बिघडतं. तिला कॅमेऱ्याचा आवाज आला, ती वळली, आणि तिचा चेहरा जो उतरला तो मी विसरलेले नाही. ओरडली नाही काही नाही, फक्त म्हणाली, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं." फोटो मी तिच्यासमोर डिलीट केला. तेव्हापासून पाठमोरा असो, नुसत्या चपलांचा असो, विचारल्याशिवाय बोट दाबत नाही.

पण नेमकं बोलायचं काय? माझी तर बोलतीच बंद होते.

आधी कॅमेरा खाली, छातीपाशी नको, कमरेपाशी. समोरून जा, पाठीमागून 'एक्स्क्यूज मी' म्हणून दचकवू नका. आणि पहिल्या वाक्यात नेमकी गोष्ट सांगा. "तुम्ही छान दिसताय" हे फार ढोबळ आहे आणि अनोळखी माणसाकडून विचित्रही वाटतं. "काका, तुमच्या छत्रीची मूठ फार सुंदर आहे, लाकडी आहे ना? मी फोटोग्राफर आहे, छत्रीसकट तुमचा एक फोटो काढू का?" असं म्हटलं की काकांना कळतं हिने खरंच बघितलंय. नव्वद टक्के वेळा काका छत्री कुठे घेतली तिथून सुरू होतात आणि तुम्हाला फक्त ऐकायचं असतं.

हाक कशी मारायची ते गावावर आहे. पुण्यात काका, काकू, आजी, दादा, ताई चालतं. भाजीवाल्या, कोळणी यांना मावशी. कोल्हापुरात मामा म्हटलं की माणूस लगेच थांबतो, "मामा, फेटा लई झ्याक बांधलाय, फोटो काढू काय?" नागपूरकडे भाऊ, काकाजी. कॉलेजच्या पोरांना उगाच दादा-ताई करू नका, सरळ "हाय, एक मिनिट आहे का?" एवढंच.

आणि अल्बम. फोनमधे नाही, कागदावरचा. दहा-बारा प्रिंटचा छोटा अल्बम पिशवीत ठेवा आणि बोलताना हातात द्या. माणूस पानं उलटतो, त्याच्यासारखीच साधी माणसं नीट, मानाने काढलेली बघतो, आणि बहुतेक वेळा स्वतःच कॉलर सारखी करायला लागतो.

नाही म्हणाले तर?

"काही हरकत नाही, पण छत्री खरंच सुंदर आहे" म्हणायचं आणि निघायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, का नको तेही विचारायचं नाही, लांब जाऊन झूम लावायचा तर नाहीच नाही.

मी मुलगा आहे, मुलींचे फोटो काढायला गेलो की संशयाने बघतात. काय करू?

त्यांना संशय येतो कारण त्यांना रोज तसे अनुभव येतात, त्यात तुमचा अपमान नाहीये हे आधी मनाशी धरा. एकटी मुलगी असेल, रस्ता सुनसान असेल, संध्याकाळ झाली असेल तर विचारूच नका, फोटो तिथेच सोडा. मैत्रिणींबरोबर असेल, दुकानासमोर असेल तर दोन हात अंतर ठेवून विचारा. काढलेला प्रत्येक फोटो लगेच दाखवा आणि नको असेल तो तिला स्वतःला डिलीट करू द्या. तिचा नंबर मागू नका, तुमचं कार्ड द्या, फोटो हवा असेल तर ती मेसेज करेल. एवढी शिस्त पाळणाऱ्या दोन मुलांना मी ओळखते, त्यांना नकार मिळतात पण भांडण आजवर झालेलं नाही.

कपड्यांच्या नावाखाली शरीराचे फोटो काढायचे नाहीत हे वेगळं सांगायला लागू नये, तरी सांगते.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही, पण कामापुरतं सांगते. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला भारतात सरसकट बंदी नाही. पण २०१७ मधे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलंय. बाईचा खासगी क्षणांतला फोटो चोरून काढणं आणि तिचा पाठलाग करणं हे गुन्हे आहेत, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आणि ७८ बघा. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढायचाच नाही, मूल कितीही गोड असलं तरी. जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर लेखी परवानगी घ्या, साधा एक पानी मराठी मजकूर तयार ठेवा आणि वाचून दाखवा. रेल्वे स्टेशन, मेट्रो, लष्करी हद्द इथले नियम वेगळे आहेत, पुण्यात कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, फिरताना मागे काय येतंय ते बघत जा.

कॅमेरा कुठला घेऊ?

जो खिशात आहे तो. फोनवर सुरू करा, फक्त एक चूक टाळा. फोनची नेहमीची लेन्स बरीच वाइड असते, जवळून पूर्ण माणूस काढला की डोकं मोठं, पाय आखूड, कडेला असेल तर माणूस ताणलेला. चार पावलं मागे जा आणि टू एक्स लावा, लगेच फरक दिसेल. पोर्ट्रेट मोड शक्यतो बंद ठेवा, तो मोकळ्या केसांच्या बटा, झुमके, छत्रीच्या काड्या, नेमकं जे आपल्याला हवंय तेच खाऊन टाकतो. ब्युटी फिल्टर तर कायमचा बंद.

कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० एमएमची एक लेन्स पुरे. ८५ ने फोटो सुंदर येतात पण तुम्ही इतके लांब जाता की गर्दीत बोलणं ऐकू येत नाही, आणि बोलणं तुटलं की चेहरा बंद होतो.

सेटिंग काय ठेवता?

उभ्या माणसाला शटर १/२५० सेकंद, चालणाऱ्याला १/५००. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) एफ ४ च्या आसपास, जवळून एफ १.८ ला नाक शार्प आणि कान धूसर होतो आणि मागचा रस्ता पूर्ण पुसला जातो. रस्ता पुसायचा नाहीये आपल्याला, मागची दुकानाची पाटी, उसाचा गुऱ्हाळवाला, हे त्या माणसाचं शहर आहे. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटो.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याची उंची. डोळ्याच्या उंचीवरून पूर्ण माणूस काढला की आपण त्याच्याकडे वरून बघतो आणि पाय बारीक होतात. जरा गुडघ्यात वाका, कॅमेरा समोरच्याच्या पोटा-छातीच्या मधे आणा, माणूस आपोआप ताठ दिसतो. आणि पाय कापू नका! आपल्याकडे निम्मी स्टाइल पायात असते, जोडवी, पैंजण, घोटा दिसेल अशी दुमडलेली जीन्स, करकर वाजणारी कोल्हापुरी. घोट्यावर कापलेला फोटो बघितला की मला फार हळहळ वाटते.

उजेडाचं काय? आपल्याकडे दुपारी तर डोळे उघडत नाहीत.

दुपारी बारा ते तीन उन्हात काढू नका, डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे पडतात. माणसाला दुकानाच्या पत्र्याखाली, झाडाखाली, वाड्याच्या दिंडी दरवाज्यात घ्या, पण अगदी आत नाही, सावलीच्या कडेला, तोंड उजेडाकडे. समोर पांढरी किंवा पिवळट भिंत असेल तर सोन्याहून पिवळं, ऊन तिच्यावरून उडून चेहऱ्यावर मऊ येतं. तुळशीबागेत वर ताडपत्र्या असतात, निळ्या ताडपत्रीखाली सगळे निळे दिसतात, तेव्हा दोन पावलं सरकवा.

पांढऱ्या भिंतीसमोर सावळा माणूस उभा असेल तर कॅमेरा भिंतीला भुलतो आणि चेहरा काळवंडतो, एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं वाढवा. उलट कडक उन्हात पांढरी टोपी, पांढरं धोतर असेल तर कमी करा, नाहीतर टोपीची घडी जाते आणि उरतो नुसता पांढरा डाग. डबेवाल्यांचे फोटो काढताना ही चूक हमखास होते.

माणसं कॅमेरा बघून आखडतात, हात कुठे ठेवू विचारतात.

आखडणार, साहजिक आहे. हातात त्यांचीच वस्तू द्या किंवा राहू द्या, पिशवी, चष्मा, सायकलचं हँडल. मी पहिले दोन-तीन फोटो पटकन काढते आणि म्हणते "झालं, थँक्यू", माणूस सैल होतो, श्वास सोडतो, तेव्हा विचारते "अजून एक असाच काढू का?" तोच बहुतेक वेळा निवडला जातो. हसा म्हणू नका. आपल्याकडची जुनी माणसं फोटोत हसत नाहीत, गंभीर ताठ उभं राहणं हाही त्यांचा निर्णय असतो, तोही स्टाइलमधेच धरायचा.

कुठे जाऊ?

पुण्यात लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई, रविवारी जुना बाजार, कॅम्पातला एमजी रोड. मुंबईत फेब्रुवारीतला काळा घोडा फेस्टिव्हल, कुलाबा कॉजवे, भुलेश्वर, पहाटे दादरचा फुलबाजार, ईदच्या आधी मोहम्मद अली रोड. गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा, नऊवारी, गॉगल आणि बुलेट, पण तिथे फोटोग्राफरच इतके की मी संपल्यानंतर जाते, बायका गाडी लावून वडापाव खात असतात, नथ काढून पर्समधे ठेवलेली असते, तेव्हा खरी मजा.

पण खरं सांगू का, एकच कोपरा धरा आणि वर्षभर तिथेच जा. चेहरे ओळखीचे होतात, लोक स्वतःहून म्हणतात "ताई आज नवीन शर्ट आहे." पणजीच्या फोंतायन्यासमधे लोकांनी वैतागून घरांबाहेर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात, कारण रोज नवीन माणसं येतात, त्यांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात आणि घरात राहणाऱ्या माणसाला नमस्कारही करत नाहीत. आपल्यामुळे कुणाला पाटी लावायला लागू नये.

वारकरी, कोळणी, धनगर, यांचे पारंपरिक वेश यात येतात का?

येतात, पण इथे फार जपून, कारण जुनी खोड आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मधे मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड छापले. माणसांना स्टुडिओत उभं करायचं आणि मग त्यांची आकृती मुंबईच्या बाहेरच्या दृश्यावर चिकटवायची. प्रत्येक फोटोखाली जात. माणूस हरवला, नमुना उरला. आज इन्स्टावर लाल फेटा, सुरकुत्या, आणि खाली 'खरा भारत' असं लिहिलेला फोटो बघते तेव्हा मला ते खंडच आठवतात.

मग करायचं काय? वेश सगळ्यांचा सारखा असेल तर त्यात या एका माणसाने स्वतःचं काय केलंय ते शोधा. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात असतात तेव्हा हजारो टोप्या पांढऱ्याच, पण कुणी कपाळावर पुढे ओढलेली, कुणी मागे सरकवलेली, कुणाच्या टोपीत बसचं तिकीट खोचलेलं. एका आजोबांनी टाळांना नातीच्या जुन्या केसांच्या रिबिनीचे गोंडे बांधले होते, गुलाबी. मी फोटो काढला तो टाळांसकट हातांचा आणि मग चेहऱ्याचा, आणि खाली 'वारकरी' एवढंच लिहिलं नाही, रिबिनीचं लिहिलं.

हेच गरिबीला लागू. फाटलेलं आहे म्हणून फोटो काढू नका. फाटलेलं त्याने कशा रंगाच्या दोऱ्याने शिवलंय आणि तो दोरा त्याने निवडला होता का, हे विचारलंत तर काढा.

एडिटिंग किती?

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, थोडं क्रॉप, बस. त्वचा उजळायची नाही, कधीच नाही, आपल्याकडे सावळ्या माणसाला आयुष्यभर ऐकवलं जातं, निदान आपल्या फोटोत तरी तो आहे तसा असू दे. रंग वाढवायचे नाहीत, राणी कलर मुळातच इतका बोलका असतो की सॅच्युरेशन वाढवलं की त्यातली वीण दिसेनाशी होते, आणि साडीच्या काठाची जर पिवळी पडते.

पावसाळ्यात?

पावसाळ्यातच तर! छत्र्या, रेनकोट, डोक्यावर उलटी प्लास्टिकची पिशवी बांधलेले काका. लेन्सला भोक पाडलेली स्वच्छ पिशवी, रबरबँड, सुती रुमाल. एसीतून बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प धरतं, पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा.

फोटो परत दुसऱ्या कुणी वापरला तर?

माझ्या बाबतीत झालंय. कपड्यांच्या एका दुकानाने माझा फोटो न विचारता बोर्डावर छापला, फोटोतल्या काकूंना त्यांच्या जावयाने सांगितलं आणि त्या मला विचारायला आल्या, "तू विकलास का गं मला?" मी नाही म्हटलं, दुकानात गेले, बोर्ड उतरवून घेतला, पण त्या एका प्रश्नाने मला आठवडाभर झोप लागली नाही. तुम्ही स्वतःहून काढलेल्या फोटोचा कॉपीराइट तुमचा असतो आणि १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे लेखी मेल पाठवा, स्क्रीनशॉट ठेवा, गप्प बसू नका. तुमच्यापेक्षा त्या माणसाचं जास्त जातं. मी आता मोठ्या साइजचे फोटो टाकतच नाही.

ज्यांचा फोटो काढला त्यांना द्यायचा का?

द्यायचाच. व्हॉट्सअॅप असेल तर त्याच दिवशी. पण रस्त्यावर धंदा करणाऱ्या माणसांना मी चार बाय सहाची प्रिंट नेऊन देते, जाडसर मॅट कागदावर. वेळ लागतो, दोन-दोन फेऱ्या होतात, कधी माणूस सापडत नाही, शेजारच्या टपरीवर ठेवून यावी लागते.

मंडईतल्या आजींना दिली तेव्हा त्यांनी आधी हात पदराला पुसले, मग ब्लाउजच्या खिशातून चष्मा काढला. प्रिंट बराच वेळ लांब धरून, जवळ आणून बघितली. मला वाटलं चेहऱ्याबद्दल काही म्हणतील. त्यांनी फोटोतल्या तपकिरी बटणावर बोट ठेवलं आणि शेजारच्या कांदेवालीला हाक मारून दाखवलं, "हे बघ, हे मी लावलेलं. बाकीची त्यांची."